उभ्या गाड्यांची मोजणी

अण्णा, तुम्ही होतात तेव्हा कळंबोलीच्या नाक्यावर माणसं गाड्या मोजायची, आता कॅमेरे मोजतात. तुमच्या हाताखाली मी एकदाच बसले, कॉलेजच्या सुट्टीत, भाषणस्पर्धांतली बक्षिसं मिरवत. दर गाडीला कागदावर एक रेघ. त्या संध्याकाळी पोलादाचे ट्रेलर जागच्या जागी अडकलेले आणि मी खुशीत सांगते, "या तासाला रेघा कमी. रस्ता मोकळा आहे." तुम्ही हातातलं पेन काढून घेता. "मान वर करा, भाषणबाई! गाड्या हलतच नाहीत, तर तुमच्यासमोरून जातील कशा?" बाजूचे मोजणीदार हसतात. मला राग येतो, आणि तो कितीतरी दिवस जात नाही.

पुढे मी रहदारीचे अंदाज बांधणारं संगणकाचं गणितच शिकले, आणि तीच चूक साऱ्या विभागाच्या नकाशावर केली. कोंडीत नाक्यावरून गाड्या कमी सरकतात. माझ्या गणिताने त्या कमी आकड्याला मोकळा रस्ता समजून संध्याकाळचा वेग भरपूर दाखवला. त्याच्या जोरावर मी जनसुनावणीत ठणकावलं, की नवं रुग्णालय नाक्यापलीकडे बांधा, बेलपाड्याहून रुग्णवाहिका वेळेत पोचेल. बेलपाड्याची एक म्हातारी उठली. "बाय, आमी रोज जातो त्या रस्त्यानं. सांजच्याला गाडी हलत नाय." मी म्हणाले, "आजी, इथे भावना नकोत, आकडे बोलू देत." सभागृहात टाळ्या पडल्या.

रुग्णालय तिथेच झालं. म्हातारीच्या मुलाच्या छातीत कळ आली आणि तो नाक्यावरच, उभ्या रुग्णवाहिकेत गेला. मी भेटायला गेले तर ती दारातूनच म्हणाली, "आता आकड्यांना बोलव, बाय." मी उंबऱ्यावरूनच परत फिरले.

आता मी गणित बदललं आहे. नाक्यावरून किती गाड्या गेल्या यावरून कोंडीतला वेग काढायचा नाही. प्रत्यक्ष गाड्यांना लागलेला वेळ घ्यायचा आणि मागे उभी असलेली रांगही धरायची. नवे वेग लाजिरवाणे आहेत आणि खरे आहेत. त्यांच्याशिवाय यापुढे इथे काही बांधू देणार नाही, मग कोणाशीही भांडावं लागो.

पण अहवालात मी एवढंच लिहिलंय, की जुन्या पद्धतीत वेग जास्त येत होता. पद्धत कोणाची, ते लिहिलेलं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे सांगते. सुनावणीत म्हातारी बोलत होती तेव्हाच मला कळलं होतं, की ती खरं सांगते आहे. पण माझं भाषण ऐन रंगात आलं होतं.