बॅज लावा, मगच मशीन

धुळे, मंगळवार संध्याकाळ

आज डॉक्टरसाहेबांना अडवलं. चुकलं असं वाटत नाही. अंगावर एक्स-रेची किती किरणं पडली याची नोंद ठेवणारा त्यांचा बॅज कायम ड्रॉवरमध्ये असतो. नोंद जास्त आली तर चौकशी होते ना. या किरणांनीच पंचेचाळिशीत मोतीबिंदू झाला, तरी बॅज ड्रॉवरमध्येच.

टेबलावर सोनगीरच्या अक्का होत्या. बारीक नळी घालून गर्भाशयातल्या गाठीला जाणारं रक्त बंद करायचं होतं, म्हणजे तासभर किरणं. मी म्हटलं, "बॅज लावल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही."

"डॉक्टर कोण, तू की मी?"

"तुम्ही. पण मशीन माझ्या हातात आहे."

अक्का घाबरल्या. "काय व्हयनं ताई? मना पोटले काही व्हई का?"

"गरजेपेक्षा जास्त किरणं पडू देणार नाही, अक्का. मी मिनिटं मोजतेय."

साहेबांनी बॅज लावला. मी दर पाच मिनिटांनी वेळ मोठ्याने सांगत राहिले. अक्का ठीक आहेत.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "उद्यापासून तू साध्या एक्स-रेला."

जास्त बोलले का मी? बोलले असेन. पाठवा. तिथेही हेच बोलेन.