तुमच्या बुटांची लेस

आई, गाण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही सकाळपासून बोलत नसायचात. हॅम्बर्गच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात तुम्ही कॉफी उकळत असायचात, मी कांदा चिरत असायचे आणि मीठ हवं असलं की तुम्ही बोटाने दाखवायचात. आवाज संध्याकाळसाठी राखायचा. "सासू बोलत नाही, नशीबवान आहेस," तुमचा मुलगा मला म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला चमचा फेकून मारलात. तोही न बोलता.

तरुणपणी फिनलंडमधल्या नाचाच्या हॉलमध्ये तुम्ही इंग्रजी येत नसताना रॉक गाणी पाठ करून म्हणायचात, हे मला हळूहळू कळलं. हॅम्बर्गच्या एका क्लबात दोन रात्री गायला आलात, बंदरातल्या क्रेनवाल्याशी लग्न केलंत आणि राहिलात. नाव झालं ते पुढे, स्वतःच्या फिनिश गाण्यांनी, तेही तिकडेच. इथे खालच्या मजल्यावरची बाई तुम्हांला 'वरची आरडाओरड' म्हणायची.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हांला हात बांधून, तोंड जेमतेम उघडून गायला लावत. स्टेजमागे चामडी जाकिटातल्या तुम्हांला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा काय करावं सुचेना. मी वाकून नमस्कार केला. तुम्ही खाली पाहिलंत, लेस सुटलेली दिसली आणि बूट पुढे केलात. "डांके," तुम्ही आभार मानलेत. "घट्ट बांध." मी बांधली. मग दर कार्यक्रमाआधी तुमचा पाय पुढे येऊ लागला. शेवटच्या वेळी तुमचा आवाज चिरकत होता. "तू बांधलीस की मी पडत नाही," म्हणालात.

आता तुम्ही गेल्यावर फिनलंडमधल्या चाहत्यांना छोट्या संग्रहालयासाठी तुमचं सगळं हवंय. आणि तुमची नात, जी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं देते, गायला लागली आहे. काल ती तुमचे बूट घालून आरशासमोर उभी होती. "ममा, दी पासेन!" ती मला म्हणाली. अगदी बसत होते. काचेमागे जपावेत की पुन्हा घामाने भिजू द्यावेत, मला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात तिने लेस बांधायला घेतली आणि ती जुनी लेस तुटली.

तेव्हा ठरवलं: जाकीट, पोस्टर आणि रेकॉर्ड फिनलंडला. कॉफीची किटली तुमच्या मुलाला. कुरकुरेल, पण घेईल. बूट नातीला, नवी लेस घालून. तुटलेली लेस आणि हे पत्र माझ्या कपाटात. ती बांधताना मी दर वेळी नमस्कारच करत होते, आई. सांगायचं राहिलं.