डाव्या चाकाचे बोल्ट

माय, मागच्या महिन्यात आबा गेले. तुझ्यामागं लय वर्षं राहिले ते. पाहुणे परतले, घर मोकळं झालं आणि मला त्या जीपबद्दल तुझ्याशी बोलावंसं वाटायला लागलं. आबा होते तोवर त्यांच्यापुढं त्या गाडीचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

ती जीप आबांनी मागच्या अ‍ॅक्सलशिवायच घेतली होती. मग पाथरीला दोन भंगार गाड्यांचे तुकडे जोडून, वेल्डिंग करून त्यांनी तिला स्वतःच्या हातानं अ‍ॅक्सल बनवला. त्यातल्या डाव्या चाकाच्या बोल्टांना उलटे आटे होते. इतर नट ज्या बाजूला फिरवले की सुटतात, त्या बाजूला हे आणखी आवळले जायचे. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. मोर्चा निघाला की एसटी आहे तिथंच उभी राहायची आणि लोक फाट्यावर आबांच्या जीपची वाट बघत थांबायचे. काका शेजारी बसून माणसं चढवायचे, उतरवायचे. दोघं भाऊ सकाळी एकाच ताटात जेवून निघायचे. काकू दुसरं ताट पुढं करायची, तर काका हसून म्हणायचे, "राहू दे, एवढं कशाला भांडी वाढवायलीस?"

त्या दिवशी रस्त्यात डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याला उलट्या आट्यांचं ठाऊक नव्हतं. आबा पाणी प्यायला गेले होते, तेवढ्यात त्यानं पान्याला पाईप लावून जोर दिला आणि पाचातले दोन बोल्ट तुटले. आबांनी ते पाहिलं. पण गाडीत माणसं बसलेली, एसटी बंद. "तीन बोल्टांवर निघंल गावापोतर," असं म्हणून त्यांनी गाडी काढली. माणसं आपापल्या गावी नीट उतरली. शेवटी दोघं भाऊच उरले आणि गावाच्या अलीकडं ते तीनही बोल्ट तुटून चाक शेतात गेलं. जीप काकांच्या अंगावर उलटली.

मी काकांच्या मातीला माहेरी आले ती राहूनच गेले. आबांचा पाय प्लास्टरमध्ये. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले. तू भाकरी नेतेस, तशीच परत आणतेस. एक दिवस तू चुलीपुढून उठलीस, काकूजवळ जाऊन बसलीस आणि विचारलंस, "गाडी दुरुस्त केली तर तुला चालंल का?" काकूनं लुगड्याचा काठ चिमटीत धरला. मग म्हणाली, "करा जाऊबाई. ती मोडकी राहिली म्हणून ते थोडेच परत येणार हायेत? भाऊजी तरी उठतील."

भाऊजी उठतील. तेवढ्यासाठी तू तुटका बोल्ट पदराच्या गाठीत बांधलास आणि मला घेऊन परभणी गाठलीस. तुला आठवतं का, प्रत्येक दुकानात तू ती गाठ सोडायचीस आणि बोल्ट पोराच्या पत्रिकेसारखा काउंटरवर ठेवायचीस? कुणाकडं सरळ आट्यांचे होते. उलटे मिळाले ते आखूड, कारण आबांनी जोडलेला हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, जाड होता, त्यातून नट लावण्याइतकं टोक बाहेर यायचंच नाही. एकजण म्हणाला, लेथ मशीनवर साध्या सळईला आटे पाडून देतो. तू खूश झालीस. पण लेथवरच्या म्हाताऱ्या मिस्तरीनं मान हलवली. "नको बहन, वो लोहा नरम है. फिर टूटेगा." फिर टूटेगा म्हटल्यावर तू मटकन खाली बसलीस आणि त्या तेलकट फरशीवर पहिल्यांदा रडलीस. काकांच्या मातीलासुद्धा तू रडली नव्हतीस. सगळ्यांना सांभाळत होतीस.

मिस्तरीनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग तोच आपल्याला भंगार बाजारात घेऊन गेला. मिलिटरीच्या कुठल्याशा जुन्या गाडीचा हब तिथं पडलेला होता. त्याचे बोल्ट उलट्या आट्यांचे, लांब, नुसते जरा जाड. आपल्या गाडीच्या हबची भोकं मोठी केली की बसतील, म्हणाला. आणि खरंच, स्वतः गावी येऊन त्यानं ते बसवले.

मला ती दुपार अजून दिसते. जीप चारी चाकांवर दारात उभी आहे. तू आत जाऊन म्हणतेस, "अवं, जरा बघा तरी, नट नीट आवळलेत का." आबा काठी टेकत येतात. डाव्या चाकापाशी वाकतात. पाचही नटांवरून बोटं फिरवतात, पान्यानं एकेक बघतात.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले.

"मंग एकडाव बसा. चालवू नका, नुसतं बसा."

आबांनी दाराला हात लावला. डावीकडच्या, काकांच्या रिकाम्या सीटकडं त्यांची नजर गेली आणि त्यांनी हात मागं घेतला. "कामून आणलीस ही पुन्हा दारात?" एवढंच म्हणाले. काकू पुढं झाली, त्यांचा हात धरून तिनं त्यांना आत नेलं. तू तिथंच, बोनेटला टेकून, ऊन उतरेपर्यंत उभी होतीस.

पुढं जीप बोरीच्या एका माणसाला दिली. तो न्यायला आला तेव्हा आबा आपणहून उठून बाहेर आले. "डाव्या चाकाचे नट उलटे फिरतेत. पंक्चरवाल्याला आधी सांगत जा," असं त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं, तो वैतागेपर्यंत. त्यानंतर ते शेतात जाऊ लागले, जेवू लागले. म्हणजे उठले, पण तुला पाहिजे होते तसे नाही. आणि तू पुढं फार दिवस राहिली नाहीस.

आबांचं बरोबर होतं, हे मला कळतं. भावाच्या जागेशेजारी कोण बसेल? सासरी, लेकरांना, ज्यांना सांगितलं त्यांना मी हेच सांगत आले. पण माय, त्या दुपारी दारात उभी राहून मी मनातल्या मनात म्हणत होते, आबा, बसा ना, माझ्या मायसाठी बसा. आज त्यांना पोचवून महिना झाला तरी माझं मन तेच म्हणायलंय.