९ जानेवारीच्या हवेचा आकडा दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
हवा मापन कक्ष, नाशिक.

अर्जदार : जयराम किसन पगारे, माळी, वेताळबाग उद्यान, रा. अंबड.

विषय : उद्यानाच्या फलकावरील ९ जानेवारी २०२५ चा आकडा खोटा असल्याने दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : "नोंदी अंतिम आहेत" असे कळविणारे आपले दि. ४ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार सदर उद्यानात अकरा वर्षे माळी आहे. त्याआधी तो द्राक्षबागेत मजुरीला होता. गेल्या नोव्हेंबरात उद्यानात हवा मोजण्याचे यंत्र बसले व फाटकावर त्याचा फलक लागला. हवा चांगली असली की हिरवा, वाईट असली की लाल. बसविणारे साहेब जाताना म्हणाले, "काका, मशीन नाजूक आहे, जपा जरा." अर्जदाराने ते फारच मनावर घेतले.

२. डिसेंबरात थंडी कडाडली. सकाळी धुके, त्यात कारखान्यांचा व जाळलेल्या कचऱ्याचा धूर. थंडीत द्राक्षाच्या घडांना कागद लावायची हाताला सवय, आणि यंत्र बिचारे उघड्यावर. अर्जदाराची पत्नी सुलाबाई हिने थट्टा केली, "पोटच्या पोरावानी जपता, मग उघडं काय ठेवता?" आणि आपल्या जुन्या लुगड्याची दुहेरी खोळ शिवून दिली. संध्याकाळी घालायची, ऊन वर आले की काढायची, असे एकतीस दिवस चालले.

३. सुलाबाईस दमा होता. फलक लाल असला तर घरी बसा, हिरवा असला तर थोडे चाला, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती ऐकणारी बाई. रोज सकाळी आधी फलक पाही, मग आत येई. एकतीस दिवस तो हिरवाच होता. शेवटी शेवटी ती बोलली होती, "हिरवं दिसतंय खरं, पण छाती लय भरून येती." त्यावर मशीन काय खोटं बोलंल का, असे अर्जदारानेच तिला सुनावले. हे वाक्य त्याच्या कानातून जात नाही.

४. ९ जानेवारीस फलकावर हिरवे ६४ होते. तिसऱ्या फेरीला ती बाकावर बसली ती उठली नाही. ११ तारखेस दवाखान्यात वारली. २० तारखेस अर्जदार कामावर आला, त्या सकाळी आपल्या कक्षाचा माणूस यंत्र तपासण्यास आला होता. ९ तारखेपासून तशीच राहिलेली खोळ त्याने काढली. "काका, हे घातल्यावर मशीनला हवा कशी लागणार?" अर्जदाराच्या डोळ्यांदेखत आकडा चढत चढत २८७ वर गेला व फलक लाल झाला. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, असे लोक हसून म्हणतात. अर्जदार तिथेच वाफ्यात बसून रडला.

५. अर्जदाराने लगेच लेखी कबुली दिली. उत्तर आले की नोंदी अंतिम असून त्या महिन्याची हवा 'समाधानकारक' ठरली आहे. त्याबद्दल उद्यानास प्रशस्तिपत्र मिळाले व निगा राखणारा म्हणून ते अर्जदाराच्याच हाती देण्यात आले. त्याने ते घरी नेलेले नाही.

६. अर्जदाराचा मुलगा सुयश चार माणसांत म्हणतो, "आईनंच हयगय केली, पंप नीट घेतलाच नसंल." तिने दम्याच्या औषधाचा पंप एक दिवसही चुकविला नव्हता. मेलेल्या बाईवर आळ येतो आणि अर्जदार समोर मान खाली घालून जेवतो.

तरी विनंती की, ९ जानेवारीचा आकडा खोडून त्यापुढे 'माळ्याच्या चुकीमुळे खोटा' असा शेरा मारावा. नोकरी गेली तरी तक्रार नाही. शेऱ्याचे पत्र शिक्क्यानिशी सुयशच्या नावे टपालाने पाठवावे. अर्जदाराने तीनदा सांगू पाहिले. ते जमले नाही.

आपला नम्र व कसूरवार,
जयराम किसन पगारे
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) मृत्यूचा दाखला २) दवाखान्याचे कागद ३) संपलेले पंप, तीन.

प्रत : श्री. सुयश जयराम पगारे. पत्ता अर्जदाराचाच. तो दुसऱ्या पाळीला जातो, सकाळी घरी असतो. पत्र सकाळीच पोहोचेल असे पाहावे. त्या वेळी अर्जदार घरी नसतो.