जुनं कार्ड ठेवायचं

२ ऑक्टोबर
ही वही आईनं दिली त्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात सहा गावं, चार नोकऱ्या झाल्या, पण लिहीन लिहीन म्हणत एक ओळ लिहिली नाही. आळस, दुसरं काय! आज मात्र फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या या खाडीच्या, टोकाला बसमधून उतरलो, लख्ख ऊन, डोक्यावर नवी लाल टोपी. गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीय. खोली म्हाताऱ्या सिगवाल्दीच्या घरात, माडीवर. खाली तो आणि त्याचा नातू. तोही सिगवाल्दीच. नातू बोटीवर जातो, म्हातारा जाळी विणतो, आणि दोघं सतत एकमेकांना टोचतात. मला सुका मासा लोणी लावून दिला तर नातू म्हणतो, "पाहुण्याला लोणी अन् मला नुसता वास?" म्हातारा म्हणतो, "आधी बूट दाराबाहेर काढ, मग लोणी."

५ ऑक्टोबर
काम सोपं आहे. कॉम्प्युटरवर प्रत्येक ग्राहकाचं एक कार्ड असतं, पण वर्षानुवर्षांच्या गोंधळात एकाच माणसाची दोन-दोन झालीत. जोड्या हुडकायच्या आणि दोन्हींचं एक करायचं. साहेबीणबाई हुग्रून ज्येष्ठमधाच्या गोळ्या चघळत एकच नियम सांगते: जुनं कार्ड ठेवायचं, नवं त्यात मिसळायचं. मिसळलेलं किंवा पुसलेलं कार्ड तीस दिवस कचऱ्यात पडून राहतं, मग कायमचं जातं. माझ्या खोलीला वेगळा मीटर आहे, म्हणून माझंही कार्ड तिनं पहिल्याच दिवशी केलं.

९ ऑक्टोबर
एकशे बारा जोड्या! शेवटची तर घरचीच: सिगवाल्दी ओर्मार्सन दोनदा, पत्ता एकच. मिसळून टाकलं आणि पोहायला पळालो. तिथल्या गरम कुंडात एक बाई देवमाशांबद्दल जे काही सांगत होती ना... ते उद्या लिहीन.

१० ऑक्टोबर
सकाळी नातू दिसला नाही. विचारलं, तर म्हातारा म्हणाला, कुठला नातू? मी हसलो. तो हसला नाही. नातवाच्या खोलीच्या जागी भिंत आहे, जुन्या रंगाची. आणि मासा खाताना म्हातारा तरुण आवाजात म्हणाला, "मला नुसता वास?"

११ ऑक्टोबर
रात्रभर विचार केला. इथली रीतच ती: नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, पुढं आडनाव नाही, बापाचं नाव लावायचं; ओर्मार्सन म्हणजे ओर्मारचा मुलगा. म्हाताऱ्याचा बाप ओर्मार, नातवाचाही बाप ओर्मार. म्हणजे अख्खं नाव तेच! या देशात जन्मलेल्या मला हे सुचू नये? जन्मतारीख बघितलीच नाही मी. हुग्रूनला सांगितलं. ती म्हणाली, पोरा, झोप घे जरा.

२८ ऑक्टोबर
म्हातारा दोन ताटं वाढून घेतो, दोन्ही स्वतःच खातो. नातवाच्या मनगटावरचा दोराचा वळ आता त्याच्या मनगटावर आहे. जेवताना रडतो. का ते त्याला माहीत नाही.
कचऱ्यात नावं नाहीत, नुसते आकडे. सगळ्या ऑफिसचे मिळून चार हजार. एकेक उघडतोय.

३ नोव्हेंबर
खात्री करायची होती, म्हणून स्वतःचं कार्ड पुसलं. घरी आलो तर नळाला गार पाणी. म्हाताऱ्यानं मला बघून विचारलं, कोण तू? धावत ऑफिसात गेलो, स्वतःचं नवं कार्ड केलं, आजच्या तारखेचं. परतलो तेव्हा ओरडला, बूट बाहेर काढ!
म्हणजे सगळं खरं आहे.

७ नोव्हेंबर
उद्या तीस दिवस भरतात. अजून अठराशे. डोळे... नाही, होत नाही.

८ नोव्हेंबर, सकाळ
एकेक शोधणं सोडलं. नोकरी गेली तर गेली, 'सगळं परत आणा' दाबलं. घरी येऊन जिन्यात बसलोय. देवा, एवढं एक—

दार वाजलं. बूट काढल्याचा आवाज. "आजोबा, लोणी काढा!" आला! म्हाताऱ्यानं हंबरडा फोडलाय, पोराला सोडत नाहीये—

त्याच्यामागून आणखी कुणी आत आलंय. बॅग आहे. लाल टोपी. म्हाताऱ्याला सांगतोय, आत्ताच बसनं उतरलो, माडीवरची खोली ठरलीय. नाव सांगतोय— माझं.

माझं जुनं कार्ड. तेही कचऱ्यातच होतं.

हुग्रूनचा फोन. चिडलीय. म्हणते, वेंधळ्या, सगळा घोळ परत आणलास, तुझीसुद्धा दोन कार्डं निघालीत. थांब म्हणालो, हात जोडतो, थांब. म्हणते, घाबरतोस काय, तुझ्यापासूनच सुरुवात करते, जुनं ठेवते आणि नवं त्यात—