रात्रीचा ऊन भात

बाई,

काल संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. आता ती स्वतःच शिकवते, आणि कुपवाडच्या आणि आसपासच्या शाळांतून फिरून आठवी-नववीतली मुलं काय खातात, काय टाकतात आणि का टाकतात याची पाहणी करते आहे. मी जन्मभर आहारशास्त्र शिकवलं, म्हणून लिहिलेलं मला दाखवायला आणलं होतं. पाकिटातलं खाऊन खाऊन जिना चढताना धापा टाकणारी मुलं आहेत त्यात, आणि डबा मैत्रिणीला देऊन टाकून 'जेवले' म्हणून सांगणाऱ्या मुलीही आहेत. एकीचा बाप कारखान्यातून रात्री उशिरा घरी येतो. लेक कित्येक दिवस संध्याकाळची जेवलेलीच नाही, याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नाही. वाचता वाचता माझा चहा गार झाला. मग तिनं सहज विचारलं, "बाई, तुमच्या काळी असलं काही नव्हतं ना?" मी म्हणाले, "छे, कुठलं! पानात पडेल ते गप खायचो आम्ही." ती हसली, पिशवी उचलून गेली. आणि मी इथं माझ्यावरच चिडून बसले आहे. एरवी मी लोकांना फाडकन खरं सांगते, त्याबद्दल माझी ख्याती आहे, आणि ऐन वेळी तोंडातून हे बाहेर पडलं. म्हणून तुम्हाला लिहिते. तुमच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती, अजून नाही.

मी सांगलीला तुमच्या वसतिगृहात कशी आले ते तुम्हाला ठाऊक होतं, पण अर्धंच. वाईला माझी थोरली बहीण माझ्याहून हुशार होती. संस्कृत तर तिचं असं की शास्त्रीबुवा तिच्याकडून म्हणवून घ्यायचे. एका सकाळी ती माजघराच्या कोपऱ्यात वेगळी बसलेली दिसली, आणि चौथ्या दिवशी तिचं दप्तर आईनं माळ्यावर टाकलं. घरात शिरा झाला. शेजारच्या काकू आल्या, तिच्याकडे बघून म्हणाल्या, अंगानं भरलीच होती हो, आता शाळेत कशाला ठेवायची. पुढच्या मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. सासरी जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली नाही, नुसती माझ्या दप्तराकडे बघत राहिली. ते बघणं मला अजून सहन होत नाही. पुढं मामांनी हट्ट धरला म्हणून वडिलांनी मला सांगलीला पाठवलं, पण निघताना त्यांनी मामांना बजावलं, मोठी होईपर्यंत शिकू दे. मोठी होणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. अंग भरलं की शाळा सुटते, एवढं मी डोक्यात पक्कं केलं आणि अंग भरू द्यायचं नाही असं ठरवलं.

आणि आपल्यात उपाशी राहणं किती सोपं! दुसरीकडे कुठं मुलगी जेवत नाही म्हटल्यावर घर घाबरेल, आपल्याकडे तिच्या पाया पडतील. सोमवार धरला, मग शनिवार, मग चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या. चातुर्मास लागला तसं मी एक दिवस जेवायचं आणि एक दिवस नाही असं धारणं-पारणं धरलं. ते म्हाताऱ्या बायकांनी करायचं व्रत, पण मला कुणी अडवलं नाही. उपासाची खिचडीसुद्धा मी शेजारच्या पाटावरच्या मुलीच्या ताटात सरकवत असे. ती बिचारी सदा भुकेली, युद्धाचे दिवस, तांदूळ-साखर रेशनवर, ती कशाला कुणाला सांगते? भेटीला येणाऱ्या आया आपापल्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, बघ, नाहीतर तू, सदा खाखा. आणि बाई, एकदा सकाळच्या प्रार्थनेनंतर तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात की जिभेवर ताबा असलेल्या मुलीच्या हातून पुढं काहीतरी होतं. मी त्या दिवशी पारण्यालाही जेवले नाही. तुमची चूक होती असं मी म्हणत नाही. तुम्ही ज्यात वाढलात त्यात उपाशी बाई म्हणजे चांगली बाई, तुम्हाला तरी वेगळं काय दिसणार?

पहिल्यांदा भूक लागायची. मग ती लागेनाशी झाली, आणि तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. पण पुढं पुढं असं झालं की मला जेवावंसं वाटलं तरी जेववेना. भाताकडं बघून भीती वाटते, हे कुणाला सांगणार? भर वैशाखात मला दुलई लागायची. वेणी घालताना फणीत केसांचा पुंजका यायचा, तो मी परसात पुरून यायची. शाळेसाठी म्हणून सुरू केलेलं, आणि वर्गात बाकावर बसून फळ्यावरची अक्षरं हलायला लागली, हे केवढं मोठं वेडेपण! तरी थांबता येईना.

मग तो कवायतीचा दिवस. रांगेत उभी होते, आणि डोळे उघडले तेव्हा तुमच्या खोलीत तुमच्या पलंगावर होते. डॉक्टर येऊन गेले होते. रोग काही नाही, मुलीला खायला घाला, एवढं सांगून गेले, आणि जाता जाता दारात तुम्हाला हळूच म्हणाले की असंच चाललं तर ही पोर दिवाळी बघणार नाही. मी डोळे मिटून ऐकलं. तुम्ही पेज घेऊन आलात. मी तोंड फिरवलं. तुम्ही समजावलंत, देवाला असले उपास नकोत म्हणालात, शेवटी रागावलात, इतक्या की वाटी खाली आपटलीत. तुम्ही कधी आवाज चढवत नसा, त्या दिवशी चढला. कशासाठी चालवलं आहेस हे, बोल, म्हणालात.

तेव्हा मी बोलले. तुमच्याबद्दल सगळ्या वसतिगृहाला माहीत होतं ते. तुमचे यजमान गेले तेव्हा तुम्ही जेमतेम माझ्याएवढ्या होतात, साताऱ्याच्या सासऱ्यांनी तुम्हाला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाऊ दिलं ते एका अटीवर, की विधवेचा आचार सोडायचा नाही, एक वेळ जेवायचं, रात्री अन्नाला शिवायचं नाही. सासरे कधीच वारले होते, तरी रात्री आम्ही पंगतीला बसलो की तुम्ही तुमच्या खोलीत एखादं रताळं, नाहीतर पेलाभर दूध घेऊन वह्या तपासत बसत होतात. मी पडल्या पडल्या म्हणाले, "बाई, शिकायला मिळावं म्हणून तुम्ही जेवण सोडलंत ना? मी पण तेच केलंय."

तुम्ही वाटीतली पेज ढवळत बसलात, मग वाटी उचलून निघून गेलात. मला वाटलं, संपलं, आता ह्या मला वाईला पाठवणार.

दुसऱ्या दिवशी रात्री मी भिंतीला धरून पंगतीला आले, तर माझ्या शेजारी एक पाट जास्त मांडलेला. तुम्ही येऊन त्यावर बसलात. स्वयंपाकीणबाईंच्या हातात भाताचं पातेलं, त्या जागच्या हलेनात. त्यांनी विचारलं, बाई, तुमचं फराळाचं इथं आणू का? तुम्ही म्हणालात, भात वाढा. तरी त्या उभ्याच. तेव्हा दारातून भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वाढा की वं. ताट मांडलंय न्हवं त्यांनी?" तेव्हा कुठं भात पडला. वर वरण, वर तुपाची धार. पहिला घास तुम्ही तोंडात घातलात आणि किती वेळ तसाच धरून बसलात. मग माझ्याकडे न बघता, मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणालात, "रात्रीचा ऊन भात कसा लागतो ते विसरूनच गेले होते गं."

मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, रड नंतर, निवतोय. आणि मी एक घास खाल्ला. तुम्ही एकट्या तिथं सगळ्यांच्या नजरा झेलत जेवताय हे मला बघवेना, म्हणून खाल्ला. दुसरा गेला नाही. पण तुम्ही दुसऱ्या रात्रीही बसलात, आणि तिसऱ्या. मी एक घास खाल्ला तर तुम्ही 'आणखी घे' म्हणाला नाहीत, मी दहा खाल्ले तर शाबासकी दिली नाहीत. नुसत्या शेजारी बसून आपलं पान संपवत होतात. मी पुढं इतकी वर्षं शिकवलं, परदेशातले ग्रंथ वाचले, पण असल्या मुलीला जेवायला कसं घालावं याची याहून चांगली रीत मला कुठंही सापडली नाही.

तुम्हाला ते महाग पडलं. गावात बोभाटा झाला. बाईंनी आचार सोडला म्हणून दोघी-तिघी मुलींना घरच्यांनी काढून नेलं, सोवळं पाळणाऱ्या घरांतून वसतिगृहाला येणारं दूध-ताक बंद झालं. साताऱ्याहून तुमचे दीर आले आणि ओसरीत उभ्या उभ्या तुम्हाला बोलून गेले. तुम्ही त्यांना जेवून जा म्हणालात, ते न जेवता गेले. आणि त्याच आठवड्यात तुम्ही मला घेऊन वाईला आलात. वडिलांसमोर बसून सांगितलंत की मुलगी मोठी झाली तरी मॅट्रिकपर्यंत शाळेतून काढणार नाही असा शब्द द्या, नाहीतर ती मोठी होणारच नाही. वडील पंचांग चाळत बसले. शेवटी माजघराच्या दाराआडून आई बोलली. आई परपुरुषासमोर काय, परक्या बाईसमोरही बोलत नसे. ती म्हणाली, "एकीचं दप्तर मी माझ्या हातानं माळ्यावर टाकलं. हिचं टाकणार नाही." वडिलांनी पंचांग मिटलं.

एका दिवसात सगळं गोड झालं असं नाही. वर्षभर मी दोन पावलं पुढं आणि एक मागं. अधूनमधून खोटं बोलायची, घास पदरात लपवायची, तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं करायचात. पुढच्या माघात एका सकाळी मला ते आलं. मी पांढरीफटक पडले, धावत तुमच्या खोलीत आले. मला वाटलं, झालं, गेली शाळा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, काय ते ओळखलंत. कपाटातून धुवट कापड काढून दिलंत आणि म्हणालात, "बरं झालं. उद्या गणिताची परीक्षा आहे ना? अभ्यासाला बस." मी कोपऱ्यात वेगळी बसले नाही, खिडकीपाशी बसून बीजगणित सोडवलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी दूर होते, पोचले नाही. मला कळलं ते एवढंच की शेवटपर्यंत तुम्ही रात्रीच्या जेवत होतात. त्याचा मला फार आनंद झाला. इतकी वर्षं मी समजत होते, बाई माझ्यासाठी जेवल्या. आता तुमच्याहून कितीतरी म्हातारी झाल्यावर कळतं की तुम्हालाही भूक लागत होती. रोज लागत असणार. आम्हा कुणाला कधी विचारायचं सुचलं नाही.

हे कुठं पाठवायचं? दुमडून तांदळाच्या डब्याखाली ठेवते. उद्या त्या पोरीला बोलावून घेते आणि सांगते, आमच्या काळीही होतं, मलाच होतं. सांगताना माझी जीभ अडखळेल, पण सांगेन. आत्ता दिवेलागण झाली आहे, कुकरची शिट्टी झाली. तुम्हाला एक सांगायचं राहिलं, आजवर कुणालाच सांगितलं नाही. मला भूक लागली की अजूनही आधी भीती वाटते. मग शेजारी एक पाट आहे असं समजते, आणि जेवते.