सांबारातली पाल आणि गुरुवारची साक्ष

ती. मुरलीकाका यांस सुप्रभाचा सा. न. वि. वि. (यातल्या दुसऱ्या 'वि.'चा अर्थ तुम्ही अजून सांगितलेला नाही, पण एकावरच थांबले तर उद्धटपणा दिसेल म्हणून दोन्ही घातले.)

तुमचा गुडघा कसा आहे? काकींचा बीपी? तंजावूरला आपल्या गल्लीत पाणी रोज येतं की अजून एक दिवसाआडच? इकडे पापनाशमला सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण तुमचा फोन काकी उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. शिवाय नागरी लिपी आपल्या घरात तुमच्याखेरीज कुणाला वाचता येत नाही, अप्पांनाही नाही, ही फार मोठी सोय आहे. दोन उन्हाळे तुम्ही मला बाराखडी घोटायला लावलीत, त्याचं आज चीज होतंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या कॉलेजात आठवड्याला पंधरा तास काम केलं की फी निम्मी होते. टर्मच्या शेवटी कामाच्या कार्डावर सही मिळाली नाही तर पुढची फी पूर्ण, आणि पूर्ण फी म्हणजे, अप्पांनी आधीच बजावलंय, गाशा गुंडाळून घरी. पहिल्यांदा मला गोठ्यात घातलं. गाय गिळलेलं परत तोंडात कसं आणते ते जवळून बघायला गेले, तर तिनं माझी ओढणी गिळली. (ती काही परत आणली नाही.) मग ग्रंथालयात पुस्तकं पुसायला पाठवलं. तिथे तीन तासांत एकच पुस्तक पुसून झालं, कारण ते फार चांगलं होतं. तिसरी जागा मेसच्या स्वयंपाकघरात, राजम अम्मांच्या हाताखाली. राजम अम्मा म्हणजे मेसच्या मुख्य, आणि कार्डावर सही त्यांचीच. यापुढे चौथी जागा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला मात्र तिथेच सगळ्यात आवडलं, काका. दोनशे माणसांचा भात वाफेवर कसा शिजतो, डाळीवर फेस का येतो, चिंचेनं भाजी शिजायची का थांबते, हे मला कुठल्या वर्गात कुणी दाखवलं नव्हतं.

तर गेल्या सोमवारी सांबार उकळत होतं. मी ढवळत होते. शेजारी कविता होती (माझ्या वर्गातली, कुंभकोणमकडची, घरी फक्त तमिळ, आपल्यासारखी मराठी नाही). आणि मी ओरडले, "पाल! पाल!" माणूस घाबरला की मातृभाषेत ओरडतो, हे तुम्हीच सांगता. पण तमिळमध्ये पाल म्हणजे दूध, आणि पालीला म्हणतात पल्ली. कविता बिचारी कामसू. तिनं संध्याकाळच्या कॉफीसाठी ठेवलेली दुधाची कॅन उचलली आणि सांबारात अस्की ओतली. (अस्की म्हणजे सगळी. हा शब्द दिसला की तुम्ही लाल शाई फिरवता. फिरवा.) सांबाराचा रंग असा झाला की वांगीसुद्धा तळाशी जाऊन बसली. दुपारी सगळ्यांनी भात मोराशी खाल्ला (मोर म्हणजे ताक. पुण्याचे लोक हे वाचून हबकतील, म्हणून खुलासा). सांबार गेल्याचं प्राध्यापकांनी मोठ्या मनानं सोसलं. संध्याकाळची कॉफी गेली, तेव्हा मात्र चौकशी बसली.

सांबार फडक्यातून गाळून पाहिलं. वांगी निघाली, शेवग्याच्या शेंगा निघाल्या, पाल निघाली नाही. ती पळून गेली असेल, असं मी म्हटलं. पाल म्हणजे पल्ली ही भाषाच राजम अम्मांना मान्य नाही. दूध ओतून झाल्यावर मी शब्द बनवला, असं त्यांचं म्हणणं. खात्री करायला त्यांनी घरी फोन लावला. आईनं उचलला. तुमच्या घरी पाल म्हणजे काय, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. आई म्हणाली, सकाळी एक लिटर, संध्याकाळी अर्धा. मग त्यांनी विचारलं, त्यात पल्ली नाही ना? आईनं छे छे म्हटलं, आम्ही गाळून घेतो म्हणाली, आणि माझी बाजू तिथेच बुडाली.

तेव्हा मी म्हटलं, माझे काका येऊन साक्ष देतील. तुम्हाला ठाऊक आहे तमिळमध्ये काका कोण असतो. राजम अम्मा खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघत राहिल्या. नंतर शांतपणे म्हणाल्या, "गुरुवारी अकराला आण. कावळा असो की माणूस. पटलं तर दोघींच्या कार्डांवर सही करते." दोघींच्या, कारण कविताचीही सही अडकली आहे. तिच्याकडे बघवत नाही मला. आणि मलाही घरी परत यायचं नाही, काका. अजून इडलीचं पीठ रात्रीत का फुगतं ते बघायचं राहिलंय.

काकींना नमस्कार. आशीर्वाद द्यावा इतकं माझ्याहून लहान आपल्या घरात कुणी नाही, म्हणून तो भाग सोडते.

आपली,
सुप्रभा

ता. क. : गुरुवारी नक्की या. तुमचा तो जाडा मराठी शब्दकोश आणा, पानात खूण घालून. काळा कोट मात्र घालू नका, कावळ्याची गोष्ट पुन्हा निघेल.

ता. क. दुसरा : अप्पांना सांगा, डॉक्टरांना गुडघा दाखवायला जातो म्हणून. पापनाशमला डॉक्टर आहेत.

ता. क. तिसरा : काका, पाल नव्हती. मी दूधच म्हणाले होते, चांगल्या तमिळमध्ये. सांबारात माझ्या हातून मीठ दोनदा पडलं होतं. दुधानं खारटपणा उतरतो असं आई म्हणते, ते खरं का तेही बघायचं होतं. (उतरत नाही.) कवितानं किती ओतू विचारलं, मी म्हटलं सगळं. तिनं हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आपल्या भाषेत पाल म्हणजे दुसरंच काही, हे मला राजम अम्मा समोर येऊन उभ्या राहिल्यावर आठवलं. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे, आणि बोलायचंही नाही. त्या शब्दाचा अर्थ विचारतील, तो सांगा. पाल होती का असं विचारलं, तर तुम्ही तिथे नव्हतात.